भाड्याची गाडी: विमा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

‘गाडीला फुल इन्शुरन्स आहे, टेन्शन घेऊ नका.’ गोव्यात सेल्फ ड्राइव्ह गाडीची चावी हातात ठेवणारा असो किंवा हिंजवडीतल्या कंपनीला महिन्याच्या करारावर गाड्या लावणारा ट्रॅव्हल्सवाला, वाक्य हेच असते. प्रश्न सुरू होतात ते अपघातानंतर, आणि वाचकही बहुधा तेव्हाच विचारतात. विमा असूनही डिपॉझिट का कापले? गाडी चालवणारा आमचा कर्मचारी जखमी झाला, त्याचा खर्च कोण देणार? गाडी ट्रॅव्हल्सची, ड्रायव्हरही ट्रॅव्हल्सचा, मग नोटीस आमच्या कंपनीच्या नावाने कशी आली?

या गोंधळाच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. मोटार विमा गाडीला आणि तिच्या ठरलेल्या वापराला मिळतो. ती चालवणाऱ्या माणसाला तो आपोआप लागू होत नाही आणि कर्मचाऱ्याविषयी कंपनीची जी कायदेशीर जबाबदारी आहे, ती तर त्यात येतच नाही. गाडीचे नुकसान, तिऱ्हाइताचे नुकसान आणि तुमच्या माणसाचे नुकसान हे तीन हिशेब वेगळे ठेवा. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

पॉलिसीआधी नंबरप्लेट पाहा

- पांढरी पाटी, काळी अक्षरे: खासगी गाडी. ती ड्रायव्हरसह किंवा ड्रायव्हरशिवाय भाड्याने देता येत नाही.
- पिवळी पाटी, काळी अक्षरे: परमिट असलेली टॅक्सी, म्हणजे ड्रायव्हरसह मिळणारी गाडी.
- काळी पाटी, पिवळी अक्षरे: सेल्फ ड्राइव्हसाठी परवाना असलेली गाडी.
- इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते. अक्षरे पांढरी असतील तर ती खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली तर काय बिघडते? खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर त्यातून स्पष्ट वगळलेला असतो. अपघातानंतर सर्व्हेअरच्या हाती भाड्याची पावती किंवा यूपीआयचा व्यवहार लागला की गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारला जातो. जखमी झालेल्या तिऱ्हाइताला मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई मिळवून देते, पण विमा कंपनीला ती रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा मिळू शकते. परमिट नसणे हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पाल सिंग प्रकरणात सांगितले. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-ए प्रमाणे विनापरमिट वापराला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

गोव्यात आणि कोकणात अशा गाड्या देताना एक सल्ला हमखास मिळतो: ‘पोलिसांनी अडवले तर मित्राची गाडी आहे म्हणून सांगा.’ हा सल्ला मिळाला की चावी तिथेच परत करा. रस्त्यावर ‘मित्राची गाडी’ आणि क्लेम फॉर्मवर ‘भाड्याची गाडी’ अशी दोन विधाने तुमच्या नावावर जमा झाली, तर त्यानंतर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला की विमा, फिटनेस, पीयूसी आणि वाहनाचा वर्ग दोन मिनिटांत दिसतो. सेल्फ ड्राइव्ह देणाऱ्याला परवान्याबद्दलही विचारा. केंद्र सरकारच्या १९८९ च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेनुसार परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असाव्या लागतात. तेव्हा दोन-तीन गाड्या दारात उभ्या करून धंदा करणाऱ्याला ‘परवाना कोणाच्या नावावर आहे?’ असे विचारण्यात काहीच गैर नाही.

काळ्या पाटीची गाडी चालवायला वेगळे लायसन्स लागते का, हा प्रश्न फार जण विचारतात. लागत नाही. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवू शकते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले. लायसन्स मात्र चालू असायला हवे. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी देणारे आहेत, विमा देणारे नाहीत.

‘फुल इन्शुरन्स’ असूनही बिल का येते?

पॉलिसीचे मुख्य प्रकार दोन. एक केवळ थर्ड पार्टी: कायद्याने सक्तीची, तिऱ्हाइताच्या मृत्यूची, दुखापतीची आणि मालमत्तेच्या नुकसानीची. दुसरी पॅकेज पॉलिसी, जिच्यात गाडीचे स्वतःचे नुकसानही येते. ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे बोलीभाषेत ही दुसरी. पण पूर्ण नुकसान तीही देत नाही.

साध्या पॅकेज पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरच्या भागांतून ३० टक्के. काचेवर घसारा नाही. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो. त्यावर प्रत्येक दाव्यातली सक्तीची वजावट असते. आजच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचाच असतो, त्यामुळे साध्या धडकेतही बरीच रक्कम विम्याबाहेर राहते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, असेल तर फरक पडतो, पण भाड्याच्या गाडीला ते असेलच असे गृहीत धरू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नात इंजिन गेले, तर ते नुकसानही साध्या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेखाली पावसाळ्यात गाडी घालण्याआधी हे आठवावे.

आता भाडेकरार पाहा. विम्यातून न मिळालेली रक्कम भाडेकरूने द्यायची, असे त्यात लिहिलेले असते. काही करारांत गाडी गॅरेजमध्ये असेल तितक्या दिवसांचे भाडेही तुमच्या माथी असते. विम्यात हा खर्च येत नाही. आणि किरकोळ ओरखडे, पोचे यांसाठी बहुतेक गाडीवाले विम्याकडे जातच नाहीत, कारण दावा केला की नो क्लेम बोनस बुडतो. ते सरळ डिपॉझिटमधून कापतात. म्हणून विमा आहे की नाही यापेक्षा ‘नुकसान झाले तर माझ्याकडून जास्तीत जास्त किती घ्याल?’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे. उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

चाव्या घेण्याआधी

- पॉलिसीची प्रत मागा. त्यात ‘भाडेकरूने चालवलेले भाड्याचे वाहन’ या अर्थाची जोड, म्हणजे आयएमटी ३५, किंवा सेल्फ ड्राइव्ह वापराचा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहा. टॅक्सी म्हणून काढलेली पॉलिसी सेल्फ ड्राइव्हला चालेलच असे नाही.
- चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात लिहून घ्या. नाव एकाचे आणि लोणावळ्यानंतर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती, ही नेहमीची चूक.
- गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. खालचा बंपर, चारही चाकांच्या रिम, छत, काच, स्टेपनी, इंधनाचा काटा, किलोमीटर. गाडी परत करतानाही तसाच काढा.
- राज्याबाहेर नेण्याची परवानगी आणि कर कोणाकडे, ते विचारा.
- ई-चलन आणि फास्टॅगचा हिशेब किती दिवसांत मिटवणार आणि डिपॉझिट कधी परत करणार, ते लिहून घ्या.

गोव्यात किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालायला बंदी आहे. तरी दर हंगामात गाड्या भरतीच्या पाण्यात रुतल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी पोलिसांची कारवाई तर होतेच, पण क्रेनपासून इंजिनपर्यंतचा सगळा खर्चही भाडेकरूचा.

सेल्फ ड्राइव्हमध्ये चालवणाराच उघडा पडतो

या विषयातली सर्वात मोठी फट इथे आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

समजा, तुमचा सेल्स मॅनेजर कंपनीच्या कामासाठी पुण्यात सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतो आणि सोलापूर रस्त्यावर दुभाजकावर आदळतो. दुसरे वाहन नाही, चूक त्याचीच. त्याचा हॉस्पिटलचा खर्च आणि दुर्दैवाने मृत्यू झाला तर कुटुंबाची भरपाई कुठून येणार?

थर्ड पार्टी विमा तिऱ्हाइतासाठी असतो. गाडी चालवणारा तिऱ्हाईत नसतो. मालकाकडून गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा आणि २०२० च्या रामखिलाडी प्रकरणांत म्हटले आहे. म्हणजे स्वतःच्याच चुकीने झालेल्या अपघातात तो त्या गाडीच्या विम्याकडून तिऱ्हाईत म्हणून मागू शकत नाही. जे काही मिळेल ते पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात संरक्षणातून. आणि १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते ते नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असेल तर. तुमचा मॅनेजर गाडीचा मालक नाही. गाडी एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर हे संरक्षण त्या पॉलिसीत नसतेच.

हाच धोका तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या गाडीलाही आहे. गाडी कंपनीच्या नावावर, चालवणारे संचालक स्वतः, आणि पॉलिसीत मालक-चालक संरक्षण नाही. शेजारी किंवा मागे बसलेल्यांचे काय? २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात हाच प्रश्न होता: कंपनीच्या मोटारीतून जाणारा कंपनीचाच व्यवस्थापकीय संचालक. केवळ कायद्यापुरती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी गाडीतल्या प्रवाशाला संरक्षण नाही, पॅकेज पॉलिसीत आहे, असे न्यायालयाने सांगितले. गाडीतला प्रवासी तुमचाच कर्मचारी असेल, तर ‘कर्मचाऱ्यांप्रती कायदेशीर दायित्व’ ही जोड, म्हणजे आयएमटी २९, घेतली आहे ना ते तपासा. पगारी ड्रायव्हरसाठी आयएमटी २८. या जोडांचा हप्ता इतका किरकोळ असतो की त्या राहून जातात त्या केवळ एजंटाने विचारले नाही म्हणून.

उपाय साधा आहे. कामासाठी प्रवास करणाऱ्या सगळ्यांसाठी कंपनीने समूह वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. तो माणसाला लागू होतो, मग गाडी कोणाचीही असो. गाडीच्या पॉलिसीतले अनामिक प्रवाशांचे संरक्षण सहसा माणशी २ लाखांपर्यंतच असते. कुटुंबातल्या कमावत्या माणसासाठी तेवढे पुरत नाही. तुम्ही कर्मचारी असाल, तर गाडी बुक करण्याआधी एचआरला एका ओळीचा मेल टाका: ‘कामाच्या प्रवासात मी गाडी चालवताना मला अपघात विमा लागू आहे का, किती रकमेचा?’

ट्रॅव्हल्सची गाडी लावलीत म्हणजे जबाबदारी संपली नाही

ड्रायव्हरसह पिवळ्या पाटीची गाडी घेतलीत, तर एक गोष्ट तुमच्या बाजूने असते. परिवहन वाहनातल्या प्रवाशाच्या दुखापतीचे दायित्व सक्तीच्या विम्यातच येते. तुमचा कर्मचारी तिथे प्रवासी आहे. म्हणून विमा चालू, परमिट चालू आणि ड्रायव्हरचे लायसन्स वैध असेल तर न्यायाधिकरणात त्याचा मार्ग बराच मोकळा असतो.

पण महिन्याच्या करारावर गाडी तुमच्याकडे असेल, ड्रायव्हर तुमच्या ट्रान्सपोर्ट डेस्कच्या फोनवर चालत असेल, मार्ग आणि वेळ तुम्हीच ठरवत असाल, तर न्यायालय कराराच्या कागदापलीकडे जाऊन नियंत्रण कोणाचे होते ते पाहते. १९९७ च्या कैलाश नाथ कोठारी प्रकरणात बस भाड्याची होती, ड्रायव्हर बसमालकाचाच होता. तरी तो राजस्थान परिवहन महामंडळाच्या कंडक्टरच्या सूचनांवर चालत होता म्हणून महामंडळाला जबाबदार धरले गेले. करारात ‘कोणत्याही अपघातास कंपनी जबाबदार नाही’ असे ठळक अक्षरांत छापले, तरी ते तुमच्या आणि ट्रॅव्हल्सच्या दरम्यान. जखमी माणसाने त्यावर सही केलेली नसते.

मग करारात काय असावे?

- प्रत्येक गाडीचे आरसी, परमिट, फिटनेस, पीयूसी, पॉलिसी आणि ड्रायव्हरचे लायसन्स यांच्या प्रती, आणि मुदत संपण्याआधी नव्या प्रती देण्याचे बंधन.
- पॅकेज पॉलिसीची अट. केवळ थर्ड पार्टी नको.
- तुमच्यावर आलेला दावा भरून देण्याची ट्रॅव्हल्सची लेखी हमी.
- ड्रायव्हरची पोलीस पडताळणी आणि सलग कामाच्या तासांची मर्यादा. आदल्या रात्री एअरपोर्ट ड्यूटी केलेला ड्रायव्हर सकाळी तुमच्या गेटवर येतो, हे सगळ्यांना माहीत असते आणि विचारत कोणी नाही.
- बदली गाडीची अट.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. वर्षाच्या सुरुवातीला सगळी कागदपत्रे चोख तपासली जातात. मग एखाद्या सोमवारी सकाळी फोन येतो, ‘साहेब, गाडी गॅरेजला आहे, दुसरी पाठवतोय.’ ती दुसरी पांढऱ्या पाटीची असते, ट्रॅव्हल्सवाल्याच्या मेहुण्याची. अपघात त्या दिवशी झाला तर तुमच्या फाइलमधल्या एकाही कागदाचा उपयोग नाही. ‘कंपनीने नंबर तपासल्याशिवाय बदली गाडीत कोणी बसायचे नाही’ हा नियम गेटवरच्या सिक्युरिटीला द्या, पाटीच्या रंगापासून. ड्यूटी स्लिपवर गाडीचा खरा नंबर आणि ड्रायव्हरचे खरे नाव लिहिले जाते का, तेही अधूनमधून पाहा. पुढे पुरावा म्हणून तीच चिठ्ठी उपयोगी पडते.

कर्मचारी स्वतःची गाडी वापरत असेल तर

पेट्रोल भत्ता देऊन कर्मचाऱ्याची गाडी किंवा मोटरसायकल कामाला वापरणे हा छोट्या कंपन्यांचा आवडता मार्ग. मीटिंगला जाणे, बँकेत जाणे यात सहसा अडचण येत नाही. अडचण मालाची आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत नमुने आणि वैयक्तिक सामान चालते, व्यापारी माल नेणे वगळलेले असते. औषधांचे सॅम्पल घेऊन फिरणारा एमआर ठीक. डिकीत विक्रीचे खोके भरून दुकानोदुकानी माल टाकणारा सेल्समन धोक्यात. तशी गरज असेल तर गाडीची पॉलिसी त्या वापराची काढा, भत्त्यात तेवढा हप्ता धरा.

भत्ता मंजूर करताना दरवर्षी लायसन्स, पॉलिसी आणि मालक-चालक अपघात संरक्षणाची प्रत फाइलला लावा. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये. मालकाला ही रक्कम फार वाटणार नाही. पण विमा नसलेल्या गाडीने कंपनीच्या कामात कोणाला उडवले, तर भरपाई मागणारा सर्वांत आधी पैसे असलेल्याकडे पाहतो, आणि कामावर असताना नोकराने केलेल्या हयगयीबद्दल मालकही जबाबदार धरला जातो.

येण्याजाण्यातला अपघात

कामावर येताना झालेला अपघात हा कामातला अपघात का? वर्षानुवर्षे कंपन्यांचे उत्तर ‘नाही’ असे होते. २९ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर बदलले. प्रकरण आपल्याच धाराशिवचे, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे: साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून काही किलोमीटरवर त्याचा मृत्यू झाला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती बहाल केली. प्रवासाची वेळ, जागा, परिस्थिती आणि नोकरी यांचा संबंध जुळत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही नोकरीच्या कक्षेत येतो, असे ठरले. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा कायद्यात ही तरतूद २०१० पासून होतीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे आणि १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातली मालकाची जबाबदारीही आता त्याच संहितेत आली आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा:

- जो कर्मचारी ईएसआयमध्ये आहे, त्याचा दावा ईएसआयसीकडे जातो. अपघाताचा अहवाल तुम्ही वेळेत पाठवायचा.
- जो ईएसआयबाहेर आहे पण भरपाईच्या तरतुदीखाली येतो, त्याची भरपाई तुमच्यावर. त्यासाठी कर्मचारी भरपाई विमा घ्या आणि येण्याजाण्याचा प्रवास त्यात धरला आहे, असे विमा कंपनीकडून लेखी घ्या.
- भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. व्याज मोटार विम्यातून मिळू शकते, दंड मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच वेद प्रकाश गर्ग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कर्मचाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कर्मचारी भरपाई असे दोन्ही मार्ग खुले असतील तर कायदा एकच निवडायला लावतो. न्यायाधिकरणात रक्कम बहुधा मोठी मिळते, पण बहुतेक दाव्यांत समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. भरपाईच्या मार्गात सहसा तशी गरज नसते. चूक कोणाची होती हे वकिलाला खरे खरे सांगा आणि मग ठरवा.

रात्रपाळीच्या गाड्या

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, पुरेशी सुरक्षा हवी आणि कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत वाहन हवे. सोसायटीच्या वळणावर सोडणे म्हणजे दारापर्यंत नव्हे. ‘अ‍ॅपवरून कॅब घे, बिल लाव’ ही सोय कायद्याला अपेक्षित असलेली व्यवस्था आहे, असे मानून चालणे माझ्या मते धोक्याचे आहे. ड्रायव्हर कोण, याची पडताळणी मग कोणीच केलेली नसते. २००७ मध्ये पुण्यात बीपीओतल्या तरुणीचा खून करणारा कंपनीच्या कंत्राटी गाडीचाच ड्रायव्हर होता. चांगल्या कंपन्यांत तेव्हापासून जीपीएस, शेवटी उतरणारी स्त्री एकटी असेल तर सोबत सुरक्षारक्षक, आणि घरी पोचल्याचा फोन, ही शिस्त आहे.

आणखी एक. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात मालकाने पुरवलेले वाहन हीसुद्धा कामाची जागा आहे. कॅबमधल्या गैरवर्तनाची तक्रार अंतर्गत समितीने घ्यायलाच हवी. ‘ड्रायव्हर आमच्या पे-रोलवर नाही’ हे उत्तर चालत नाही.

अपघात झालाच तर

- आधी जखमींना हलवा, ११२ ला फोन करा. २०२५ च्या कॅशलेस उपचार योजनेत नियुक्त रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत आणि १.५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात.
- पोलिसांना आणि गाडीमालकाला कळवा. विमा कंपनीला कळवल्याचा मेसेज किंवा क्लेम नंबर गाडीमालकाकडून मागून घ्या.
- जागेचे, दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे फोटो काढा. ड्रायव्हर बदलल्याचे सांगू नका. टोलनाक्याचा कॅमेरा आणि मोबाइल लोकेशन ते उघडे पाडतात, आणि मग खरा दावाही जातो.
- रस्त्यावर मांडवली करून चूक कबूल करणारी चिठ्ठी लिहून देऊ नका. कोऱ्या क्लेम फॉर्मवरही सही नको.
- न्यायाधिकरणातला अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, अशी कायद्यातली अट धरून चाला.

कामासाठी परदेशात गाडी घेत असाल तर

प्रोजेक्टवर अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. काउंटरवर मिळणारे डॅमेज वेव्हर म्हणजे विमा नव्हे. गाडीच्या नुकसानीबद्दल कंपनी तुमच्याकडे मागणार नाही, इतकेच ते वचन, तेही अटींसह. तुमच्या हातून दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी वेगळे दायित्व संरक्षण लागते. तिथले रहिवासी बहुधा स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीवर विसंबतात. तुमच्याकडे ती नसते. राज्याने ठरवलेली किमान रक्कम तिथल्या हॉस्पिटलच्या बिलांपुढे तुटपुंजी आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ती वाढून एका व्यक्तीसाठी ३०,००० डॉलर झाली, तरीसुद्धा. भारतात काढलेल्या प्रवास विम्यातल्या वैयक्तिक दायित्वाच्या कलमातून मोटारगाडी बहुधा वगळलेली असते. म्हणून निघण्याआधी कंपनीकडून भाड्याच्या गाड्यांसाठीचे दायित्व संरक्षण आहे का ते विचारा. नसेल तर काउंटरवरचे पूरक दायित्व संरक्षण घ्या आणि बिल कंपनीला लावा. आरटीओतून मिळणारे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट एक वर्ष चालते. मूळ लायसन्सही जवळ हवेच.

तक्रार कुठे करायची?

सुट्टीसाठी, स्वतःसाठी गाडी घेतली होती आणि डिपॉझिट अडवले, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. अर्ज ऑनलाइन करता येतो. कंपनीने व्यवसायासाठी गाडी घेतली असेल, तर व्यापारी हेतूच्या व्यवहाराला ग्राहक कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. तिथे करारातले लवादाचे किंवा न्यायालयाचे कलमच कामी येते, म्हणून ते कलम सही करण्याआधी वाचा.

विमा कंपनीने दावा नाकारला असेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा, सोबत विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा. समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत, गोव्याच्या तक्रारी पुण्याला जातात. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. व्यक्तींबरोबर एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योगही तिथे जाऊ शकतात. विमा कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करा. एक अडचण लक्षात घ्या: भाड्याच्या गाडीची पॉलिसी गाडीमालकाच्या नावावर असते, त्यामुळे गाडीच्या नुकसानीची तक्रार तोच करू शकतो. तो टाळाटाळ करत असेल तर ‘दावा दाखल केल्याचा पुरावा द्या, नाहीतर माझ्याकडून कापलेली रक्कम परत करा’ असे त्याला ईमेलने लिहा. ग्राहक आयोगापुढे हाच ईमेल पुरावा म्हणून ठेवता येतो.